पांढऱ्या सशाच्या घरातलं मटणाचं हाड

माझ्या थोरल्या, मानाच्या झूराकान एजेला बिश्केकहून धाकट्या बहिणीचा, सादातचा, वाकून सलाम.

तुझी तब्येत कशी आहे? कंबर काय म्हणते? काळी घोडी व्याली का? शिंगरू झालं असेल तर कुणावर गेलंय ते कळव. दाजींचा खोकला गेला का, की अजून तो आणि दाजी एकाच घरात नांदतायत? इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. मी तर जरा जास्तच धडधाकट आहे, आणि सगळा घोटाळा त्यातूनच झाला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू निम्मं ऐकतेस आणि उरलेलं निम्मं स्वतःच्या मनाने भरतेस. शिवाय आमच्या घराच्या भिंतींना कान नाहीत, पण सुनेला आहेत. म्हणून हे पत्र कोच्कोरच्या गाडीवाल्याच्या हाती देते आहे. तो मधे कुठे फोडून वाचणार नाही, कारण त्याचा चष्मा मागच्याच फेरीत एका प्रवाशाच्या बुडाखाली गेला.

तुला माझ्या मुलाने, मिर्लानने, सांगितलंच असेल की अपाला, म्हणजे त्याच्या आईला, एका कॅफेतून हाकलून दिलं. एजे, ते साफ खोटं आहे. मला कुणी हाकललं नाही. मी स्वतः उठले. आता उठताना खुर्चीही माझ्याबरोबर उठली हा भाग वेगळा, त्याकडे मी येतेच. पण आधी एक गोष्ट ध्यानात घे. मिर्लानचं म्हणणं आहे की मी त्या कॅफेच्या साहेबाला फोन करून माफी मागावी, नाहीतर रविवारी नातीला, आयजार्किनला, माझ्याबरोबर बाहेर सोडणार नाही. मी माफी मागणार नाही. चुई रस्त्यावर भर बर्फात ट्रॉलीबस चालवलेली बाई मी. रस्ता माझा असताना मी मंत्र्याच्या गाडीलाही वाट दिली नाही, तर ह्या सशाला काय देणार?

ससा म्हणजे त्या कॅफेचं नाव, ‘पांढरा ससा’. सहकुटुंब यावं, पोरांनी खेळावं, थोरांनी खावं अशी जागा. आयजार्किनच्या वाढदिवसाला तिथे जायचं, हे आमच्या विहीणबाईंनी ठरवलं. क्लाराबाई तुला लग्नातल्या आठवत असतील. संगीतशाळेत गाणं शिकवायच्या, आणि लग्नात आपल्या गावच्या बायका गायला लागल्या तेव्हा दात दुखल्यासारखा चेहरा करून बसल्या होत्या, त्याच. चरबी ह्या वस्तूशी त्यांचं जुनं वैर आहे. लग्नापासून आजवर त्यांनी माझ्या हातचा घास खाल्लेला नाही. येतात, चहा पितात, आणि माझ्या कढईकडे असं बघतात की जणू त्यात कुणी बुडालंय. एकदा मला म्हणाल्या, “सादातबाई, पोरीचं पोट म्हणजे तुमची ट्रॉलीबस नव्हे, येईल त्याला आत घ्यायला.” मी म्हटलं, “विहीणबाई, रिकामी धावणारी ट्रॉलीबस भंगारात काढतात.” त्यावर आमचं बरेच दिवस बोलणं नव्हतं. (ते दिवस घरात सगळ्यांनाच सुखाचे गेले, असं मागाहून कळलं.)

आता आयजार्किनचं म्हणशील तर पोर काडीसारखी आहे. बालवाडीत डबा तसाच परत येतो. सुनेने डॉक्टरला दाखवलं, विहीणबाईंनी दुधी-गाजर वाफवून पाहिलं, सगळं झालं. ती मनापासून जेवते ते फक्त माझ्या मांडीला मांडी लावून, हाडाचा रस्सा, तोही वाडगा तोंडाला लावून. हे मी सांगितलं की पेरिझात, म्हणजे सूनबाई, हसते. विहीणबाई हसतही नाहीत.

तर मिर्लानसकट आम्ही सगळे गेलो. दारातच बूट काढायला लावले. (माझ्या मोज्याला अंगठ्याशी खिडकी होती. चालायचंच.) आत सगळ्या पोरी डोक्यावर सशाचे कान लावून ताटल्या वाहत होत्या. एका कोपऱ्यात रंगीत चेंडूंचं तळं, त्यात पोरं गटांगळ्या खात होती. थोरांच्या खुर्च्या एका लग्नाच्या बोलणीवाल्यांनी अडवलेल्या, म्हणून मला मिळाली ती पोरांची खुर्ची, दोन बाजूंना हात असलेली, पिवळी. मी बसले. बसण्यात काही अडचण आली नाही, हे मुद्दाम सांगते.

मग आलं पोरांचं पदार्थांचं पुस्तक. एजे, त्यात वाचायचं काही नाही, नुसती चित्रं. ‘हरणाची पावलं’ म्हणजे कोंबडीचे तळलेले तुकडे. ‘हसरे बटाटे’ म्हणजे बटाटेच, पण दात काढणारे. ‘राजकन्येच्या वेण्या’ म्हणजे शेवया, वर चीज ओतलेलं. सगळं एकाच रंगाचं, पिवळं. शेवटी एक ‘निरोगी पान’ होतं. विहीणबाईंनी तेच उघडलं आणि पोरीला न विचारता ‘ढगातलं झाड’ मागवलं. बटाट्याचा लगदा आणि त्यात खोचलेला ब्रोकोलीचा तुरा. ते आलं. पोरीने झाडाकडे पाहिलं, झाडाने पोरीकडे पाहिलं. कुणीच पुढे सरकेना. पोर माझ्या कानाशी लागून म्हणाली, “एने, मला त्या काकांसारखं हाड हवंय.” बोलणीवाल्यांच्या टेबलावर हाडाच्या रश्श्याचे, शोर्पोचे, वाडगे आले होते, आणि वासाने माझंही मन तिथेच होतं.

मी कानवाल्या पोरीला सांगितलं, हिला शोर्पो आण. ती म्हणाली, “आजी, तो छोट्यांना देत नाही. छोट्यांनी छोट्यांच्या पुस्तकातलंच घ्यायचं.”

“का गं?”

“नियम आहे.”

“मग मला आण.”

ती घुटमळली. एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या खुर्चीकडे बघून तिने मनाशी काहीतरी ताडलं, पण गेली. शोर्पो आला, आणि मी वाडगा सरळ पोरीसमोर सरकवला. विहीणबाई म्हणाल्या, “तुम्ही हे मुद्दाम करता.” मी म्हटलं, “हो.” पोरीने रस्सा संपवला, मांस संपवलं, आणि मग मी शिकवलंय तसं हाड टेबलाच्या कडेवर आपटून मगज काढायला लागली. ठक, ठक, ठक. एजे, त्या आवाजात काय जादू आहे कोण जाणे. चेंडूंच्या तळ्यातून एकेक डोकं वर आलं. बघता बघता आमच्या टेबलाभोवती पोरांचा घोळका जमला, सगळ्यांची नजर त्या हाडावर. एक लालकेसाळ तिमोफेई नावाचा मुलगा होता. त्याची आई आल्यापासून त्याच्यामागे काटा घेऊन फिरत होती, “एकच घास, सोन्या, हरणासाठी एक.” तो सोन्या माझ्या गुडघ्याला टेकून म्हणतो, “आजी, माझं हाड कुठाय?”

आता हाड एकच, आणि पोरं एवढी. दारात आलेल्याला विन्मुख पाठवू नये असं आपली आई सांगायची. माझ्या पिशवीत तू दही वाळवून पाठवलेल्या गोळ्यांचं, कुरुताचं, गाठोडं होतंच. (ते कायम असतं.) चोखायचं, गिळायचं नाही, पळायचं नाही, असं दरडावून मी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि एकेकाला एकेक खारट गोळी दिली. एजे, इतकी शांतता त्या कॅफेत उद्घाटनापासून झाली नसेल. सगळ्यांचे गाल फुगलेले, डोळे मिटलेले. आणि तेवढ्यात तिमोफेईची आई किंचाळली, “ही म्हातारी मुलांना खडे चारतेय!” तिने त्याच्या तोंडात बोट घातलं. तो चावला. मग तिने माझ्या गाठोड्यावर झडप घातली, मी एक टोक धरलं, तिने दुसरं, आणि कापड जुनं होतं. सगळं कुरुत टपटपत त्या चेंडूंच्या तळ्यात गेलं, आणि पाठोपाठ सगळी पोरं.

मग आला साहेब. एल्दियार त्याचं नाव, छातीवर लिहिलं होतं. त्याच्या डोक्यावर कान नव्हते, मालकाचा भाचा असल्यामुळे असेल. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि गोड आवाजात म्हणाला, “आजी, आता आपण काय करूया बरं?” मी मागे वळून पाहिलं, कुठल्या पोराशी बोलतोय म्हणून. तो माझ्याशीच बोलत होता! म्हणाला, “बाहेरचं खाणं आपल्याकडे चालत नाही ना? मग आपण शहाण्यासारखं बाहेर जाऊया.”

मी विचारलं, “पोरा, गाव कुठलं तुझं?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“सांग तर.”

“आत-बाशी,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे आपल्याच डोंगरातला, तुला दात आले ते कुरुतावरच. आता त्याला खडा म्हणणाऱ्यांची बाजू घेतोस?”

तो लाल झाला आणि त्याचा गोडवा संपला. खेळाची जागा बंद, तळं उपसावं लागणार, तुमच्यामुळे सगळ्यांचा विरस, असं सगळ्यांसमोर मोठ्याने बोलला. तेव्हा मी म्हटलं, जातेच, आणि ताठ मानेने उठले. खुर्चीही उठली. मी हिसडा दिला, ती निघेना. बोलणीवाले हसले. तिमोफेईच्या आईने फोन धरला आणि चित्रण सुरू केलं. आयजार्किन रडायला लागली, “माझ्या एनेला ओरडू नका!” आणि एजे, तुला म्हणून सांगते, कुणाला बोलू नकोस, माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मिर्लान खाली बघत होता. माझा मुलगा खाली बघत होता.

तेवढ्यात विहीणबाईंनी ओठ टिपले, रुमालाची घडी केली आणि उभ्या राहिल्या. आवाज तर तुला ठाऊक आहे, सगळं नाट्यगृह भरणारा. म्हणाल्या, “ऐका, साहेब. ही बाई माझी विहीण आहे. ही अडाणी आहे, हट्टी आहे, आणि हिला चारचौघांत कसं वागावं ते कळत नाही. पण हे हिला सुनवायचा हक्क माझा आहे, आणि तो मी कुणाला वापरायला दिलेला नाही. आणि तुमचं झाड कच्चं आहे.” मग त्या माझ्यामागे आल्या, खुर्चीला पाय लावला, खांदे धरले आणि मला बाटलीचं बूच काढावं तसं उपटून काढलं. जाता जाता टेबलावर राहिलेली कुरुताची एक गोळी उचलली, रुमालाने पुसली, तोंडात टाकली. सगळा कॅफे बघत होता. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेच होते. मग म्हणाल्या, “मीठ कमी आहे,” आणि गाल फुगवून बूट घालायला गेल्या.

बाहेर बागेतल्या बाकावर आम्ही दोघी बसलो, मधे पोर, तिच्या हनुवटीला मगज लागलेला. मग विहीणबाई म्हणाल्या, “तुमचं वागणं लाजिरवाणं होतं.” मी म्हटलं, “होतं.” त्या म्हणाल्या, “पुन्हा तिथे जायचं नाही.” मी म्हटलं, “नाही.” इतकं एकमत आमचं मुलांच्या लग्नाच्या वेळीही झालं नव्हतं.

आता ते चित्रण शहरभर फिरतंय, पेरिझातच्या कचेरीतसुद्धा पोहोचलं, म्हणून मिर्लानला माफी हवी आहे. त्याने खाली बघितलं ते आठवलं की माझी मान आणखी ताठ होते. माफी नाही म्हणजे नाही.

दाजींना सलाम, शिंगराला गोंजारणं.

तुझी न वाकणारी धाकटी बहीण,
सादात

ता. क. हे सगळं लिहिलं ते ह्यासाठी. तू फार आजारी आहेस, असं मी इथे सांगितलं आहे. मरण्याआधी आयजार्किनला एकदा डोळे भरून बघायचं म्हणतेस आणि उन्हाळाभर आम्हाला वरच्या कुरणावर बोलावते आहेस. मिर्लान खात्री करायला फोन करेल, तेव्हा कण्ह. फार नको, नाहीतर डॉक्टर घेऊन येईल.

आणखी एक ता. क. वाढदिवसाला सगळ्यात काय आवडलं, असं मी काल पोरीला विचारलं. म्हणाली, “हरणाची पावलं.” तिमोफेईच्या ताटलीतली खाल्ली म्हणे, सगळीच. पोर लहान आहे, तिला काय कळतं. हे कुठे बोलू नकोस.

शेवटचं. विहीणबाईही येणार आहेत. मी पोरीला काय चारते ते बघायला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आतापासून टोपी घेऊन ठेवली आहे. कुरणावर चढायला दोन अगदी म्हाताऱ्या, गरीब घोड्या राखून ठेव. एक त्यांच्यासाठी. दुसरी कुणासाठी, ते सगळ्यांसमोर विचारू नकोस.