शनिवारपर्यंत काळी व्हायची भिंत

माय, पहिले कोण आलं सांगू? मले वाटलं पोरगी येईल, तर दारात उभा पोरीच्या सिनेमाचा कॅमेरावाला, तो दाढीवाला, कॅमेऱ्याची पेटी कडेवर घेऊन, जसं काही दात येऊन राह्यलेलं लेकरू. चपला काढल्या, वाकून पाया पडला अन् म्हणते कसा, "आजी, चहा राहू द्या, आधी भिंत बघू द्या." आता सांग, माणूस मुंबईहून निघते, गाडीत सामानावर बसून येते, पुलगावच्या स्टेशनावरून रिक्षा करून नाचणगावले येते, अन् त्याले ना पाणी पाहिजे ना चहा, भिंत पाहिजे! त्याच्या मागून आणखी तिघं, खांद्यावर तारांची भेंडोळी, हातात दिव्यांची खोकी. समोरची काकू लगेच ओट्यावर तांदूळ निवडायले बसली, म्हंजे निवडत काही नव्हती, सूप मांडीवर होतं एवढंच. अन् सगळ्यात शेवटी माझी पोरगी, कारण सामानातलं काही मागे राह्यलं का ते पाहून मगच ती निघते. मी तर हरखली वं. हे गेल्यापासून या लोकांशिवाय एवढी माणसं या घरात आलीच कुठं होती? मी मोठा गंज पाण्यानं भरून चुलीवर चढवला, वांग्याचं भरीत, भाकरी, जवसाची चटणी, सगळं मनात मांडून टाकलं. तेवढ्यात दाढीवाला सयपाकघरातून बाहेर आला अन् पेटी न उघडताच ओट्यावर बसला. मग पोरगी आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "आई" म्हणली, अन् तेही हळू.

तुले पोरीचं पुरतं माहीत नाई. तू गेली तेव्हा ती मॅट्रिकले होती. तूच म्हटलं होतं, हिले नागपूरले शिकू दे, म्हणून ती शिकली, मास्तरीण झाली, जावई चांगला भेटला, एक पोट्टी झाली, आता पाच वर्षांची आहे, सिनेमापायी माझ्याजवळच ठेवली आहे. अन् मग दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि सिनेमा काढून राह्यली. गावात सगळे विचारतात, हिरोईन आहे का? मी म्हणते, नाई, निर्माती. मग विचारतात, ते काय असते? मलेही कुठं माहीत होतं! मी तिलेच विचारलं, तर हसून म्हणली, "आई, जे नसते ते आणायचं, अन् जे आणलं ते पळून जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम." तू पोळ्याले बैल सजवायची तेव्हा गोंडे, घुंगरं, रंग कोणाकोणाच्या घरून मागून आणायची, ते मले आठवलं. फरक एवढाच की तुले गाव ओळखत होतं, हिले कोणी ओळखत नाई. सिनेमाची कोरी रिळं पाहिजेत तर अर्ज करा, शिक्का आणा, पुन्हा या. कॅमेरा भाड्याचा, म्हंजे सांगितलेल्या वारी परत. नट लोकांचे दिवस वेगवेगळे. आणि एवढं करून दाखवायचा कुठं? एका टॉकीजवाल्यानं तिले विचारलं, मारामारी किती? ती म्हणली, नाही. गाणे? नाही. तर तो म्हणला, "मग ताई, लोकांनी अंधारात बसून काय करायचं?" हे तिनं मले हसत हसत सांगितलं, अन् सांगता सांगता भाकरीचा तुकडा तसाच हातात राह्यला.

आता एक दार उघडं आहे. दिल्लीच्या टीव्हीवर बाहेरच्या लोकांनी काढलेलंही घ्यायले लागले आहेत म्हणे. आपल्या ग्रामपंचायतीतही एक टीव्ही आला, संध्याकाळी अर्धं गाव त्याच्यापुढे बसलेलं असते, बातम्याही सोडत नाई. तर या महिन्याच्या आखरीले सिनेमा दिल्लीले पोचवायचा, तिथं साहेब लोक पाहतील, पसंत पडला तर साऱ्या देशाले दिसेल. नाई पोचला तर पोरगी म्हणते, "आई, मग डबे तुझ्या माळ्यावर ठेवीन, अन् पुन्हा शाळेत अर्ज करीन." सगळा सिनेमा झाला आहे. रस्त्या-वावराचे बारके तुकडे सोडले तर राह्यला आहे एकच, तो माझ्या सयपाकघरातला.

आता हा तुकडा काय आहे ते तुले कसं सांगू? सिनेमात एक बाई चुलीपाशी भाकर थापून राह्यली आहे. तिचा भाऊ येते, दारातून आत येऊन चुलीपाशी भिंतीले टेकून उभा राहते अन् सांगते की माय गेली. बस एवढंच. आपला दादा वडनेरहून तुझं सांगायले आला होता तेव्हा तसाच उभा राह्यला होता, त्याच भिंतीले टेकून, टोपी हातात. माझी भाकर तव्यावर जळून गेली. पोरगी कोपऱ्यात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, तिनं ते सारं पाह्यलं. मले वाटलं होतं विसरली असेल. लेकरं कुठं विसरतात! तिनं ते वहीत लिहून ठेवलं अन् त्याचा सिनेमा केला.

दिवाळीच्या आधी हे लोक पहिल्यांदा आले, तेव्हा त्या भाकर थापणाऱ्या बाईचा अर्धा भाग घेतला. दाढीवाला माझी भिंत पाहून नाचायचाच राह्यला होता. बारा वर्षांचा धूर आहे तिच्यावर, चुलीजवळ काळी कुळकुळीत, वर वर जाताना तांबूस, मधात फोडणीचे शिंतोडे, माझ्या पाठीचा तेलकट डाग. म्हणला, "आजी, ही भिंतच अर्धा सिनेमा आहे." मग रिळं संपली. भाऊ झालेला नट नाटकाच्या दौऱ्यावर गेला. जाताना पोरीनं मले तीनदा सांगितलं, "आई, या भिंतीले हात लावजो नको. दिवाळी असो का काही असो. आम्ही येऊ तोपर्यंत जशीच्या तशी." दाढीवाल्यानंही समजावलं, की बाई बोलते एका दिवशी, भाऊ उत्तर देते तीन महिन्यांनी, पण पाहणाऱ्याले ते एकाच दमात दिसते, म्हणून भिंत तीच पाहिजे. मले समजलं होतं, माय. मी चौथीपर्यंतच शिकली, पण एवढं समजलं होतं.

दिवाळीत सारं घर चुन्यानं पोतलं, ती एक भिंत दरवर्षीसारखी सोडली. काकू फराळाचं ताट घेऊन आली, सयपाकघरात डोकावली अन् म्हणली, "काय वं, यंदाही हीच सोडली? हात दुखून राह्यले का? का चुना सरला?" मी सांगितलं सिनेमाचं. तर म्हणते, "अस्सं! म्हंजे आता दिल्लीपर्यंत दिसन का नाचणगावची बाई कशी राह्यते ते." हसत हसतच म्हणली, पण मले ते लागलं. तेव्हापासून भाकर थापताना ती भिंत माझ्याकडे पाहून राह्यली, अन् मी तिच्याकडे. मले नऊ वर्षांची मी दिसते. मोठ्या बाईले, माझ्या बहिणीले, पाहायले पाहुणे आले, अन् चुलीमागचं पोतायचं काम माझ्याकडे होतं, मी चिंचा पाडायले गेलती. पाहुणे गेल्यावर तू मारलं नाई. माझा हात धरून त्या काळ्या भिंतीवर फिरवला अन् माझा काळा पंजा मलेच दाखवून म्हणली, "हे पाहून गेले ते. तुह्या बहिणीचं तोंड नाई पाह्यलं त्यायनं, हे पाह्यलं." बाईचं लग्न तिथंच झालं, सुखात झालं, पण माझा हात काही पांढरा झाला नाई.

हे सिनेमावाले यायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावरचं मडकं खाली काढलं. त्याच्यात तुझी पांढरी माती होती. दर दिवाळीले तू वडनेरच्या नदीकाठची माती चाळून, गोळे करून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून पाठवायची. इथली माती पिवळी पडते, तुझी पडत नव्हती. शेवटचा गोळा आला त्या वर्षी मले कामाच्या धांदलीत पोतणं झालंच नाई, भिंत काळी राह्यली, अन् तशा भिंतीले टेकून दादानं मले तुझं सांगितलं. मग तो गोळा मी कधी भिजवलाच नाई. इतकी वर्षं त्या भिंतीले दुसरी मातीही लावली नाई. त्या दिवशी भिजवला. तुझ्यासारखी चार बोटं फिरवून, डावीकडून उजवीकडे, कमानी कमानी काढत. पोट्टी म्हणली, "आजी, भिंतीवर चांदणं पडलं." मले एवढा आनंद झाला का सांगू नको. वाटलं, देश पाहील ना, मग पाहू दे.

तर आता ऐक. पोरगी "आई" म्हणली अन् भिंतीसमोर उभीच राह्यली. मी म्हटलं, मग दोन्ही बाजू पांढऱ्यावरच घ्या ना. तर ती बाई झालेली नटी सातव्या महिन्यात आहे, माहेरी गेली, अन् रिळांचे दोनच डबे उरले. मी म्हटलं, दुसऱ्या घरची काळी भिंत घ्या. तर भिंतीतली माझी देवळी, माझी खुंटी, माझा कोपरा पहिल्या भागात येऊन गेला आहे. मी म्हटलं, असं तसं चालून जाते, कोण पाहून राह्यलं! दाढीवाला म्हणला, "आजी, बोलता बोलता दिवाळी झाली असं दिसेल." सगळे हसले. पोरगी नाई हसली. मग त्यानं कंदिलाची काजळी तेलात कालवून फडक्यानं फासली, तर भिंतीले कोणी मिशा काढल्यासारखं दिसायले लागलं. ते पुसलं. पोरगी मागच्या आंगणात जाऊन बसली, मी पाणी घेऊन गेली तर म्हणली, "तू काऊन केलं, आई? विसरली का?" तिचा आवाज असा होता, जसा ताप उतरल्यावर माणसाचा असते. मी म्हटलं, "हाओ वं, विसरली. वय झालं." तिनं माझा हात धरला अन् म्हणली, "जाऊ दे." तिनं चार शिव्या दिल्या असत्या ना माय, तर मी एवढी लहान झाली नसती.

मीच मग म्हटलं, मी करते काळी. दाढीवाल्यानं विचारलं, "पहिल्यांदा किती दिवस लागले होते, आजी?" मी म्हटलं, बारा वर्षं. तो म्हणला, "आपल्याकडे पाच दिवस आहेत." नटाले शनिवारच मोकळा आहे, रविवारी नागपुरात त्याचा प्रयोग. सोमवारी कॅमेरा मुंबईले परत. मधले दिवस पोरगी अन् ते लोक वडनेरकडे गेले आहेत, रस्त्याचे अन् वावराचे ते बारके तुकडे घ्यायले, तुझ्याच शिवारात, कोणाले माहीत तुझ्या नदीकाठीच जेवत बसले असतील.

अन् मी इथं धूर करून राह्यली. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणल्या दोन बैलबंड्या भरून, ओल्या करून चुलीत घालते, वरून तेलाचं फडकं, वरून गोवऱ्याचा चुरा. दार लावून घेते. काकू आली, खोकत खोकत म्हणली, "पागल झाली का वं? काल पांढरी केली, आज काळी करून राह्यली!" मी म्हटलं, तू नको बोलू, तुझ्यापासूनच सुरू झालं आहे. ती गेली, मग घरून लाकडाचा ओला ओंडका घेऊन आली अन् चुलीत ढकलला. बुधवारी सकाळी पोट्टीनं काळी झाली का पाहायले भिंतीवर हात ठेवला, पाच बोटं पांढरी उमटली. मी तिच्यावर एवढी ओरडली का ती ओट्यावर जाऊन बसली. मग तिचा हात पाह्यला, काळा झालेला. धुऊन दिला. तिथं पुन्हा धूर धरला, जमिनीवर बसून, फडक्यानं वारा घालून, तेवढ्याच जागेवर.

आज गुरुवार आहे. भिंत दुधाच्या चहाएवढी झाली, चुलीजवळ थोडी जास्त. काळी नाई झाली. तुझी माती लवकर धूर धरत नाई, चांगली माती आहे ना. डोळे सुजले, अक्षर मलेच दिसत नाई, शाळेत असती तर गुरुजींनी पाटी फेकली असती. तुले तर वाचताही येत नव्हतं, मग हे मी कोणासाठी लिहून राह्यली? एक गोष्ट कोणाले तरी सांगायची होती म्हणून. मी विसरली नव्हती, माय. तीनदा सांगितलेलं तिन्हीदा आठवत होतं, गोळा भिजवतानाही आठवत होतं. तुझ्या मरणाची गोष्ट काळ्या भिंतीसमोर दिसावी हे मले सहन झालं नाई, एवढंच. अन् माझ्या लाजेपायी पोरीची दोन वर्षं चुलीवर ठेवली.

हा कागद पोरीच्या हाती लागायले नको. पऱ्हाट्यांसोबत चुलीत घालते, तेवढाच धूर. शनिवारी येतो म्हणले आहेत, सकाळी, ऊन भिंतीवर यायच्या आत.