ऐंशी झाले की पिन काढायची

गुरुवार, संध्याकाळ. कडेगाव.

आज सासूबाईंवर उगाच ओरडले. मनातून जाईना.

सुट्टी संपवून पलटणीत परत जाताना हे त्यांना सांगून गेले होते, "आई, चार्जिंग ऐंशीच्या वर नेऊ नगं, बॅटरी लय दिवस टिकती." तेव्हापासून त्या आकड्याकडं बघत बसतात. ऐंशी झाले की लगेच पिन काढतात.

दुपारी बघते तर चार्जिंगला लावलेला फोन यांच्या जुन्या मफलरमध्ये गुंडाळलेला! धूळ बसू नये म्हणून. हाताला चटकाच बसला.

"आवं आई, ऐंशीवर थांबवून काय उपयोग? अशा गरम होण्यानंच बॅटरी जाती!"

त्यांनी मफलर घडी करून ठेवला. इतकं चिडायची काय गरज होती मला?

सहाला यांचा फोन आला, स्पीकरवर घेतला. मी सगळं सांगितलं. हे हसले. "आई, आलो की नवा घिऊ. तू खुशाल शंभर कर."

"नगं रं. ह्यात तुझा फोटू दाबला की तू बोलतूस. नव्यात कुठं हुडकू तुला?"

"बरं, ऐंशीच ठेव मग," हे म्हणाले.

मग मी फोन गार फरशीवर मोकळा ठेवून चार्जिंगला लावला. त्या शेजारी बसल्या, ऐंशीची वाट बघत. मीही बसले.