पडद्याआडचा श्रोता

३ एप्रिल, देवळाली प्रवरा
पोचलो एकदाचा! दुतर्फा ऊस, आणि त्याची सळसळ अशी, जणू चौथीचा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय. या वयात पुन्हा कविता म्हणायचीच नोकरी! दमयंतीबाईंचे यजमान शामकांतराव, इतिहासाचे प्राध्यापक, अंथरुणाला खिळलेत. रोज दुपारी त्यांना कविता ऐकवायच्या. उजेड सोसत नाही म्हणून मधे पडदा. भिंतींवर इजिप्तची चित्रं, खोलीत हिराबोळाचा वास. बाळंतिणीची खोली आठवली.

५ एप्रिल
पडवीत पापडखाराची पोती. एवढे पापड कोण खाणार, विचारलं. स्वयंपाकाच्या चांगुणाबाई हसल्या. म्हणाल्या, गुरुजी, पापड म्या तर बघितला न्हाई, तुमाला घावला तर मला बी द्या एक. जेवताना कोनाड्यातल्या बरण्यांकडे बोट करून लोणचं मागितलं. दमयंतीबाई चटकन म्हणाल्या, ते ह्यांचं आहे.

८ एप्रिल
नदीची कविता अडली. जन्मभर शिकवलेली! दुसरं कडवं गेलंच, ओल्या फडक्यानं फळा पुसावा तसं. सुमन गेली, घर विकलं; कविता तेवढ्या उरल्यात माझ्यापाशी.

१० एप्रिल
पडद्याआडून ते कडवं ऐकू आलं. आवाज माझा. चालही माझीच.

११ एप्रिल
बाईंना विचारलं. भाजी निवडत सांगितलं त्यांनी. हे संक्रांतीलाच गेले. त्यांची इच्छा, इजिप्तसारखं करायचं. आतडी-फुप्फुसं बरण्यांत. हृदय तेवढं आत राहू द्यायचं. देह खारात सुकवायचा, मग धोतराच्या पट्ट्या. शेवटी मेलेल्याचं तोंड उघडायचं, तेव्हा कुणालातरी मंत्र म्हणत राहावं लागतं. ह्यांना बोलायला शब्द हवेत, म्हणाल्या, तुमच्याकडे पुष्कळ आहेत, गुरुजी.
तडक माझ्या खोलीत आलो. पिशवी भरली.

१२ एप्रिल
फाटक उघडंच होतं. कुणी अडवलं नाही. उसाच्या कडेनं चालताना तिला हाक मारावीशी वाटली — बायकोला — नाव येईना. वहीची मागची पानं चाळली. ‘सुमन’ लिहिलंय, पण नुसती अक्षरं. चेहरा उमटत नाही.
मागून, पडद्याच्या खोलीतून कुणी तिला हाक मारली. मी मारायचो तशीच. ती समोर दिसली — ओल्या केसांची —
परत आलो.

१३ एप्रिल
पडदा सारला. पट्ट्यांत काळं तोंड. माझ्या कविता छान म्हणतो. तो म्हणतो तोवर ती दिसते. थांबला की —

१४
थांबलाय. पुढची ओळ मागतो. माझ्याजवळ आता एकच. ती दिली तर मी कोरा — नाही दिली तर बायको दिसायची नाही —
देतो. ऐका हं, शामकांतराव, ती अशी आहे —