मामांनी ३.५ का घेतली

तंजावर, शुक्रवार, दिवेलागण

मामांचा फोन आला तेव्हा मी फिल्टरमधून कापी गाळत होते. तिरुवैयारुला त्यांच्या गाण्याच्या वर्गात मी बनवलेलं तंबोऱ्याचं ॲप चालतं. आज एक मुलगी ऐन रंगात गात असताना सूर बंद पडला. कुठली आवृत्ती उतरवून घेतलीत, विचारलं. तर म्हणे ३.५.

३.४ पक्की, ३.५ चाचणीची. सम आकडा लोकांना वापरायला, विषम आमच्या प्रयोगांना. कितीतरी सॉफ्टवेअरवाले हे पाळत आलेत, मीही. डाउनलोडच्या पानावर तसं लिहिलंयही. ते वाचलं नाहीत का, विचारलं.

"वाचलं ग. पण शुभकार्याला सम आकडा कोण घेतं?"

माझ्या लग्नात सासरी न्यायची सीराची, म्हणजे आहेराची, ताटं दहाच भरली, तर याच मामांनी नुसत्या केळ्यांचं अकरावं ताट लावलं होतं. माझं ॲप वापरणारे बहुतेक असेच, ताटं मोजणारे. मग नियम कुणासाठी पाळतेय मी?

ठरलं. ३.५ दुरुस्त झाली की तिला ३.६ म्हणायचं नाही, ३.७ म्हणायचं. यापुढे विषम पक्की, सम चाचणीची. बाहेरचे हसले तर हसोत, सूर लावून गायला बसणारे हे आहेत. उगीच ताणला तो नियम इतके दिवस.

लगेच मामांना कळवलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आकडा मी बरोबरच घेतला होता. अकरावं ताट लावायला तूच उशीर केलास."