तुमच्या यंत्राला मी ब्रेक लावला

अहो,

तुमच्या यंत्राला मी परवा भोक पाडलं. दुसऱ्या कुणी तिकडे येऊन तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच कळवलेलं बरं, म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्यापासून ते शोकेसमध्ये होतं, तुमच्या फोटोशेजारी. बाबांच्या हातची शेवटची वस्तू म्हणून मीनलने ते काचेआड ठेवलं आणि हात लावायचा नाही अशी मला ताकीद दिली. लेकीपुढे माझं कधी चाललंय? माझं कातणंही तेव्हापासून बंदच होतं. पण या थंडीत राहवेना. अर्ध्या शालीची लोकर टकळ्यांवर तशीच गुंडाळलेली होती.

तसं ते यंत्र तुम्ही माझ्यासाठीच केलंत. भरलेल्या टकळीवरचं सूत सोडवताना माझी त्रेधा उडायची. तुम्ही एका फळीवर दोन पट्ट्या ठोकल्यात, त्यांत टकळी आडवी बसवलीत. सूत ओढलं की टकळी फिरणार, सूत सुटत येणार. इथवर सगळं छान होतं. मग तुम्ही तिच्या दांडीला जुन्या कूलरच्या मोटरमधलं बेअरिंग बसवलंत!

टकळी अशी फिरायला लागली की मी हात थांबवला तरी ती थांबेना. सूत सैल पडून उलटं गुंडाळायचं, शेवटी कात्रीच आणावी लागायची. त्यावर तुमचा उपाय काय, तर आणखी तेल. "तुझा हात जड आहे," म्हणायचात. जन्मभर कारखान्यात घर्षणाशी भांडलात, त्याला घरात थारा कसा द्याल? पण एकदा तरी स्वतः सूत ओढून बघायचं होतं ना!

परवा मी ते शोकेसमधून काढलं आणि बसले. नेहमीसारखा गुंता झाला. वाकून तो सोडवला, पुन्हा ओढायला लागले, तर काय, टकळी शहाण्यासारखी वागायला लागली. बघते तर माझा पदर तिच्या चकतीवर पडला होता. पदर उचलला की पुन्हा उधळली. म्हणजे हात जड नव्हता माझा. टकळीला जरा धाक हवा होता.

शेजारच्या तिवारीजींकडे ड्रिल मागायला गेले. ते म्हणाले, "भाभीजी, भाईसाहब के सामान में छेद?" मी म्हटलं, भाईसाहब थे तब तो छूने भी नहीं देते थे. बिचारे स्वतःच येऊन फळीला भोक पाडून गेले.

त्या भोकात दोरा अडकवला, चकतीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाला वजन लोंबकळत सोडलं. वजन म्हणून कुलूप टांगलं तर टकळी जागची हलेना. सुपारी बांधली तर तिला पत्ताच नाही. शेवटी तुमचं बेअरिंग काढून तेच बांधलं. अगदी बरोबर वजन. रागावलात का?

काल रविवार, मीनल तिच्या टी. टी. नगरच्या घरून आली. रिकामी शोकेस बघून तिचा चेहरा उतरला.

"आई, बाबांनी बनवलेलं होतं ते."

"वापरायला बनवलं होतं," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. अगदी तुमच्यासारखी. चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा सुताचं टोक तिच्या हातात दिलं. तिने ओढलं, टकळी फिरली. तिने हात थांबवला, टकळी थांबली. तिने पुन्हा ओढलं. चहा निवून गेला तरी ओढतच होती. मग ते लोंबकळणारं बेअरिंग तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. तुमच्या फोटोकडे बघत हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस हं."

तुमच्यापासून लपवायचं तर मग बोलायचं कुणाशी?

आता दोन टकळ्या शेजारी शेजारी बसवायच्या आहेत, म्हणजे दुपदरी सूत वळता येईल. पट्ट्या उखडाव्या लागतील. तुमची परवानगी मागणार नाही, पण जे जे बदलेन ते तुम्हाला कळवत राहीन, हा माझा शब्द. वाद घालावासा वाटला तर खुशाल स्वप्नात या. भांडायला मला दुसरं आहे तरी कोण?

तुमचीच,
वासंती