व्हॉरीचं बॉयलर

१६ एप्रिल, मंगळवार

व्हॉरी म्हणजे नेमकी कोण? दिवसभर हाच प्रश्न.

मी शिकवते त्या शाळेला ईस्टरची सुट्टी, म्हणून सकाळीच मंडळाच्या शेडमध्ये गेले. इंजिनाच्या पोटाखाली पाठीवर पडून गंज खरवडत होते. टॉर्चच्या उजेडात चाकांच्या जोडदांड्यावर ठोकलेला आकडा दिसला — सतरा. व्हॉरी तर अठरा नंबरची! वर चढून पाहिलं. वाफेच्या घुमटावर अकरा. डाव्या पाण्याच्या टाकीवर सतरा खोडून अठरा केलेलं.

आणि याच इंजिनाच्या जतनासाठी मंडळ काढलं तेव्हा मी कॅसलटाउनच्या सभागृहात उभी राहून म्हणाले होते, "मँचेस्टरहून बोटीतून उतरली तशीच ती राहील. तिचा एक नटही निघणार नाही!" लोक उठून टाळ्या वाजवत होते. मागच्या बाकावर बाबा मान खाली घालून बसले होते — डोळे पुसत होते, असं आई नंतर म्हणाली.

संध्याकाळी बाबांना विचारलं. ते पोट धरून हसले.

"तुला काय वाटलं, पोरी? सख्ख्या बहिणी त्या. एकीचा झगा दुसरी घालणारच! सतरा नंबरची सॅन्टन दुरुस्तीला बसली होती, तिचा दांडा हिला घातला. पुढे तिला दुसऱ्या कुणाचा मिळाला."

"मग मी एवढं बोलले तेव्हा सांगितलंत का नाही?"

"छान बोलत होतीस," म्हणाले. "मध्ये कशाला तोंड घालू?"

१७ एप्रिल

भट्टीचं दार उघडलं आणि आतून एक टुणकन माझ्या बुटावर! मी किंचाळले, त्या बिळातल्या प्राण्याचं खरं नाव घेऊन किंचाळले — आमच्या बेटावर ते घेणं म्हणजे अपशकुन. शेडमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून उभी. "लांबशेपट्या म्हण! लांबशेपट्या!" बाबा ओरडले. "घरात पहिली बी.ए. झाली आणि भर शेडमध्ये तो शब्द!" दिवसभर कुणी माझ्याशी सरळ बोललं नाही.

माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर. तरी इथेही तो शब्द लिहिलेला नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

रेल्वे कंपनीचे मॅनेजर क्लेग घरी आले. दारातच टोपी काढली. ते कुणासमोर टोपी काढत नाहीत, म्हणून आईने न विचारताच चहा टाकला.

सॅन्टनचं बॉयलर तपासणीत नापास झालं. नवीन इंग्लंडहून यायला दहा महिने. धावणारी इंजिनं उरली दोन, आणि दोघींवर उन्हाळा निघत नाही. क्लेग चहात साखर ढवळत राहिले, ढवळतच राहिले. मग म्हणाले, "व्हॉरीचं बॉयलर चांगलं आहे. बसवल्यावर दोनच उन्हाळे चाललं, मग तिच्या फ्रेमला तडा गेला. ती काही पुन्हा धावणार नाही. सॅन्टनला तेच बसतं."

माझ्या आधी बाबाच बोलले. "इंजिन आता कंपनीचं नाही. मंडळाचं आहे."

"म्हणून तर तुझ्याकडे नाही आलो, जॉन. तुझ्या मुलीकडे आलोय. मंडळाची चिटणीस ती. शेडची किल्ली तिच्याकडे."

मी म्हणाले, विचार करते. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी होच म्हणाले!

२० एप्रिल

बाबा बोलत नाहीत. आई म्हणाली, "फुगून बसा दोघं. हेरिंग मासे थंड होतात, त्यांना काय त्याचं."

२१ एप्रिल, रविवार

आज बोलले. परसात बटाटे लावत होतो. ते खड्डा करायचे, मी बटाटा ठेवायची.

मी म्हणाले, "दांडा दिला-घेतलेला चालतो, घुमट चालतो, मग बॉयलर का नाही? तुम्हीच म्हणालात, बहिणी आहेत."

ते फावड्यावर रेलले. "तेव्हा जिचं काढलं तिला पुढे मिळायचं. आज तू, उद्या मी, असं होतं. हिला कोण देणार आता? हे काढलं की हिच्या टाक्या जातील, मग चाकं. तू याला देणंघेणं म्हणतेस. मी याला मढ्याच्या अंगावरचं काढणं म्हणतो."

मी पुढचा बटाटा ठेवला. बावीस वर्षं त्यांनी व्हॉरी चालवली. सॅन्टनचं नाव काढलं की ते "ती आळशी बाई" म्हणतात. पण आज तसंही म्हणाले नाहीत.

२३ एप्रिल

एकटीच सायकलवर पीलच्या जुन्या स्टेशनला गेले. तिकडची गाडी बंद झाली तेव्हा मी लिव्हरपूलला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आईने पत्रात लिहिलं होतं, "एवढा एक उन्हाळा नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणतात." तो पुढचा उन्हाळा आलाच नाही. फलाटावर कोंबड्या. रुळांत पिवळी काटेरी झुडपं कमरेएवढी. कुणी काही मोडलं नाही, कुणी काही काढलं नाही. सगळं जागच्या जागी आहे!

परत येताना वारा समोरून. खूप दमले.

२५ एप्रिल, गुरुवार

मंडळाची सभा पुढच्या गुरुवारी, दोन तारखेला. नियमाने आठवडाभर आधी कळवायचं, तसं आज सगळ्यांना कळवलं. नियम मीच लिहिलेत. दहा माणसांचं मंडळ असलं तरी मतदान झालंच पाहिजे, हाही माझाच हट्ट होता.

मिस कॅनेल बेकरीत भेटल्या. शाळेत मला इतिहास त्यांनीच शिकवला; आता मी तो त्यांच्याच वर्गात शिकवते. अजूनही वर्गातल्यासारखं आडनावानेच हाक मारून म्हणाल्या, "किनविग, तू त्या दिवशी शब्द दिलास म्हणून मी मंडळात आले. या वयात मला कुठल्या मंडळाची हौस नाही."

"आणि गाड्याच बंद झाल्या तर, मिस?"

"तर आपल्याजवळ एक तरी अख्खं इंजिन राहील." पावाची पिशवी काखेत मारून चालू लागल्या. वळून म्हणाल्या, "तुझे बाबा बोलणार आहेत ना? मग झालं."

बाबा बोलणार आहेत. कधी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस आरशासमोर पुटपुटतोय. ते बोलले की सभा नाहीच म्हणणार. मीसुद्धा ऐकत असते तर नाहीच म्हटलं असतं.

२७ एप्रिल

क्लेग स्टेशनवर भेटले. म्हणाले, काम सोमवारी सुरू झालं तरच जूनच्या मोटारसायकल शर्यतींच्या गर्दीला सॅन्टन उभी राहील. टाक्या उतरवायच्या, बॉयलर उचलायचं, तिकडे बसवायचं, मग पुन्हा तपासणी. एक दिवसही जास्तीचा नाही.

मी म्हणाले, "सभा गुरुवारी आहे."

"ठाऊक आहे."

"मंडळाचं मत घेतल्याशिवाय मी—"

"मी काही म्हणालो का?" क्लेग म्हणाले. "एवढंच सांगतो. हा उन्हाळा गाड्या धावल्या नाहीत तर सरकार म्हणेल, बघा, यांच्यावाचून बेटाचं काही अडलं नाही. आणि ते खरंच असेल."

मग हळूच म्हणाले, "जॉन कसा आहे?"

२८ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये बाबांच्या शेजारी बसले. प्रार्थनागीतांचं पुस्तक एकच होतं, दोघांत धरलं. त्यांचा अंगठा पानावर होता — नखाच्या कडेचा काळा रंग कितीही घासला तरी जात नाही. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा वर चढतो आणि सूर कधीच लागत नाही. आज मला तो ऐकत राहावासा वाटला.

दुपारी वारा पडला. आईने बॉनॅगचा पाव भाजला. छान दिवस गेला.

१ मे, बुधवार

सभा उद्या संध्याकाळी आहे. व्हॉरीचं बॉयलर आज सकाळी उतरलं.

सोमवारी शेड मीच उघडून दिली. गुरुवारपर्यंत थांबले असते तर मतदानात हरले असते, म्हणून थांबले नाही. बाबांना रविवारी रात्री आधी सांगितलं. ते म्हणाले, "उद्या गाडीवर माझी पाळी आहे, मी शेडमध्ये येणार नाही. आणि सभेत तुझ्याविरुद्धच बोलणार."

मी म्हणाले, "बोला. सगळं बोला. त्यानंतर मी उठून सांगेन काय केलंय ते."