वाचणारी शाळा

२१ जानेवारी २०२५, मंगळवार

पान उलटलं आणि करुणा गप्प झाली!

दुपारी शाळेच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. केंद्रप्रमुख आले होते, चौथीची पोरं एकेक उभी राहून धडा वाचतात. आमची करुणाही – हातात पुस्तक, आवाज खणखणीत. मी शिलाई मशीन थांबवून पुन्हा पुन्हा बघितला. भावाला पाठवला, नणंदेला पाठवला, जिला मुद्दाम पाठवायचा त्या जावेलाही पाठवला. संध्याकाळी लाडात येऊन म्हटलं, बाई, मलाही वाचून दाखव. तोच धडा घडाघडा. मी खूश. पुढचं पान काढून दिलं – एक शब्द नाही.

"हे पान न्हाई घेतलं गुरुजींनी," म्हणाली.

पुस्तक मिटलं तरी पहिला धडा चालूच. कुठं थांबायचं तेसुद्धा पाठ. चौथी आहे ही! मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष, आणि माझ्या लेकीला वाचता येत नाही हे मला असं कळावं!

२२ जानेवारी

शाळेत भांडायलाच गेले. शिवहार गुरुजी चारही वर्गांना एकटे. दुसऱ्या बाई दिवाळीनंतर बदलून गेल्या, ती जागा तशीच रिकामी. गुरुजी व्हरांड्यात मोबाईलवर खिचडीची माहिती भरत बसलेले, आत पोरांचा नुसता गलका. मी तोंडाला येईल ते बोलले. पोरांसमोर बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "ताई, वरून फोन आला, आठवडाभरात चौथी वाचायला पायजे, व्हिडिओ पाठवा. आठवडाभरात वाचन येतंय का? पाठांतर येतंय."

आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं. कीव आली. कीव आली म्हणून अजूनच राग आला.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. शाळेला 'वाचणारी शाळा' असा फलक मिळाला. सरपंचांनी नारळ फोडला. फलक धरायला मला पुढं ओढलं, फोटो काढला. आणि मी उभी राहिले, हसलेसुद्धा!

घरी नवऱ्याचं, प्रज्ञेशचं तेच पालुपद – वारंगा फाट्यावरच्या इंग्रजी शाळेत टाकू. त्याचं तिथं टायर-पंक्चरचं दुकान, टाय लावलेली पोरं रोज डोळ्यांपुढं. मी विचारलं, आपली गेली की मग दीपमाला कुठं जाईल? दीपमाला म्हणजे मेंढरंवाल्या पंचफुलाबाईंची नात, करुणाची मैत्रीण. तो म्हणाला, जगाचा ठेका तू घेतलास का? मी नाही घेतला. सरकारने घेतलाय, कायदा करून घेतलाय! पण ज्याला परवडतं तो पोरगं काढून नेतो, मग शाळेकडं बघायला उरतं कोण? ज्यांचं कुणी ऐकतच नाही, ते.

३० जानेवारी

रोज दिवेलागणीला करुणाला घेऊन बसते. दीपमालाही येते. बिस्किटाचा पुडा, खताची पिशवी, एसटीची पाटी – दिसेल ते वाचायला लावते. करुणा जोडाक्षराला अडते, रडते. मी ओरडते. मग दोघी चहा पितो आणि परत बसतो.

७ फेब्रुवारी

दुसरा शिक्षक द्या म्हणून समितीने तालुक्याला अर्ज केला होता. गुरुजींनी आज उत्तर सांगितलं. शाळेची गुणवत्ता उत्तम आहे, तूर्त शिक्षकाची निकड नाही.

फलकाने केला घात! लबाडी त्यांनी मागितली, आम्ही दिली, आणि आता तीच आमच्या तोंडावर फेकतात.

१० फेब्रुवारी

समितीची बैठक. सगळे म्हणाले शाळेला कुलूप ठोकायचं. आजूबाजूच्या गावांत तेच करतात – कुलूप, पेपरात फोटो, चार दिवसांनी साहेब येऊन समजूत काढतात. ठरतच आलं होतं. तेवढ्यात दारात टेकलेल्या पंचफुलाबाई बोलल्या.

"कुलूप लावून कुनाचं नुकसान हाय? आपल्याच लेकरांचं. साहेबाची पोरं काय हितं शिकून राहिली? लेकरं घिऊन त्याच्या दारात बसा. तिथंच भरू द्या शाळा."

कुलूप मागं पडलं. पुढच्या सोमवारी जायचं ठरलं.

१४ फेब्रुवारी

करुणा अजून अडखळते. दीपमाला तिच्या पुढं गेली. ती टोचून बोलत नाही, मी बोलते. बोलायला नको.

१७ फेब्रुवारी, सोमवार



टेम्पो करून गेलो. तालुक्याच्या शिक्षण कचेरीच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली आणि पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. आतले सगळे चहाचे कप ठेवून ताठ उभे! तेवढंच समाधान. मग पाढे सुरू झाले तसं साहेबांनी मला आणि करुणाला आत बोलावलं. पाठोपाठ निम्मं गाव आत.

साहेबांनी मोबाईलवर तोच व्हिडिओ लावून माझ्यापुढं धरला. ही तुमचीच ना? हिच्याइतकं चांगलं कोण वाचतं? ज्या शाळेत पोरांना येत नाही तिथं आधी शिक्षक द्यायचा की तुम्हाला? गोड बोलत होते. मी म्हटलं, साहेब, हे पाठ आहे, हिला वाचता येत नाही. ते हसले. फलक घेताना का नाही बोललात, म्हणाले.

डोकंच फिरलं. त्यांच्या टेबलावरचा पेपर ओढला आणि करुणापुढं ठेवला. वाच म्हटलं. सगळी खोली बघत होती. तिने पेपरकडं बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडं. मग मान खाली घातली. साहेब म्हणाले, वाच बाळ, घाबरू नको. नाही वाचलं. दाराशी उभा कारकून फिदीफिदी हसला.

"माझ्या लेकराला वाचता येत न्हाई," मी म्हणाले. "चौथीला हाय. आता तरी लिहून घ्या."

साहेबांनी मोबाईल पालथा ठेवला. आठवड्यात शिक्षक देतो, म्हणाले.

जिंकलो म्हणून टेम्पोत सगळे हसत होते. करुणा माझ्याजवळ बसली नाही. आपल्याच लेकराची अब्रू चार लोकांत उधळल्याशिवाय या राज्यात मास्तर मिळत नाही. असलं कसलं राज्य!

२० फेब्रुवारी

खोटा व्हिडिओ पाठवला म्हणून शिवहार गुरुजींना नोटीस निघाली. व्हिडिओ मागणाऱ्याला कोण नोटीस काढणार? कुणीच नाही.

२५ फेब्रुवारी

नवीन बाई रुजू झाल्या. तरुण आहेत, नांदेडच्या. पहिल्याच दिवशी पोरांना अंगणात गोल बसवलं. गाव खूश.

करुणा शाळेतून रडत आली. पोरं तिला 'कचेरीतली ढ' म्हणतात. शेजारच्या जिवनबाईंनीही विचारलं, अगं, न वाचणारी ती हीच का? मी त्यांना दोन शब्द सुनावले. तेवढ्याने काय होतंय? हे मीच केलं तिचं. आता शाळेत जाणार नाही म्हणते.

२७ फेब्रुवारी

सकाळी वेणी घालत होते. पाठमोरी बसून करुणा म्हणाली, "आई, त्या साहेबाच्या पेपरात हळदीचे दर घसरले असं व्हतं. मोठ्या अक्षरात."

मग तिथं वाचलं का नाहीस, विचारलं.

"वाचलं असतं तर बाई आल्या नसत्या ना."